एकच हवा, एका अ‍ॅपवर ९८ आणि दुसऱ्यावर १५३. खिडकी उघडायची कधी?

चौथा_मजला
चेंबूर. शेजारच्या प्लॉटवर पायलिंग (पायासाठी जमिनीत खांब घालण्याचं काम) चालू आहे, खिडकीच्या कट्ट्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. घरात सात वर्षांची मुलगी (दमा, रोजचा प्रिव्हेंटर पंप) आणि सत्तरीचे वडील (सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार). केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’वर हवेचा निर्देशांक (एक्यूआय) ९८, म्हणजे ‘समाधानकारक’. परदेशी अ‍ॅपवर १५३, लालभडक. खरं कोणाचं? आणि १२ बाय १०च्या बेडरूमला प्युरिफायर केवढा लागेल?

मायक्रोग्रॅम
दोघांचंही. पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) घनमीटरला ५९ मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या तक्त्यात ९८ येतात, अमेरिकेच्या तक्त्यात १५३. हवा तीच, पट्टी वेगळी. आपली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासून १५. त्यामुळे दम्याच्या मुलीसाठी ‘समाधानकारक’ या शब्दावर जाऊ नका, थेट मायक्रोग्रॅम बघा.

दुसरी मेख अशी की ‘समीर’चा निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. सकाळी सातला स्कूलबसच्या वेळी हवा कशी आहे ते त्यात दिसत नाही, त्यासाठी जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे तासातासाचे आकडे उघडा. सोबत मुख्य प्रदूषक कोणता लिहिलाय तेही वाचा. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) असेल तर बहुतेक धूळ, पीएम २.५ असेल तर बहुतेक धूर. कट्ट्यावर दिसते ती जाड धूळ नाकाघशात बरीचशी अडते. फुप्फुसात खोल जाते ती न दिसणारी. म्हणून कट्टा स्वच्छ दिसला तरी निर्धास्त होऊ नका.

खिडकीचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरच्या उबदार थराचं झाकण बसतं. धूर खालीच कोंडतो, तो साधारण सकाळी नऊ-दहापर्यंत. दुपारी खारे वारे सुटले की आकडा उतरतो. पहाटे खिडक्या सताड उघडायची आपली जुनी सवय या चार महिन्यांत उलटी पडते.

चौथा_मजला
पण दुपारीच तर साइट चालू असते!

मायक्रोग्रॅम
मग साइटकडची खिडकी बंद, तिच्या चौकटीच्या फटींना फोमची पट्टी, आणि विरुद्ध बाजूची उघडी. केर झाडूने काढू नका, ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा हवेत.

गाळणी
१२ × १० × ९ फूट म्हणजे १०८० घनफूट, जवळपास ३१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर (प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) १५५ घनमीटर लागतो. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत जोराच्या वेगाचा असतो आणि त्या आवाजात कुणाला झोप लागत नाही. २५० ते ३००चा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. फिल्टर एच १३ हेपा (अतिबारीक कण अडवणारा). ‘आयन’ किंवा ‘ओझोन’चं बटण असेल तर ते बंदच ठेवा, ओझोनने दमा चाळवतो. भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याआड नको, दाराखालची फट बुजवा. पायलिंग संपेपर्यंत प्युरिफायरची बाहेरची जाळी दर आठवड्याला साफ करा, नाहीतर हेपा लवकर चोंदतो.

स्प्लिट एसीवर विसंबू नका. तो खोलीतलीच हवा फिरवतो, त्याच्या जाळीत फार तर धागे अडकतात. आणि त्याच खोलीत डासांची कॉइल किंवा उदबत्ती लावत असाल तर प्युरिफायर घेऊन उपयोग शून्य.

पीक_फ्लो
हवेच्या आकड्याइतकाच मुलीचा आकडा महत्त्वाचा. साधा पीक फ्लो मीटर घ्या, जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते तो मोजतो. रोज ठरावीक वेळी उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. तब्येत चांगली असतानाचा तिचा सर्वोत्तम आकडा धरा २००. १६०च्या (८० टक्के) खाली आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला प्लॅन सुरू, १००च्या (५० टक्के) खाली गेला तर रिलिव्हर (तातडीने आराम देणारा पंप) देऊन तडक दवाखाना. हवा चांगली दिसली म्हणून प्रिव्हेंटर परस्पर थांबवू नका. पंप स्पेसरमधूनच (पंपाला जोडायची पोकळ नळी) द्या, नंतर चूळ भरायला लावा.

मोठ्यांचा एन ९५ मास्क तिच्या चेहऱ्याला बसत नाही, गालाशी फट राहते. लहान मापाचा शोधा. वडिलांना एन ९५मध्ये धाप लागत असेल तर जबरदस्ती नको, त्यांचं फिरणं सकाळऐवजी चार-साडेचारला न्या.

पत्र्याची_उंची
साइटचंही बघा. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३च्या नियमांनुसार एक एकराहून मोठ्या प्लॉटला ३५ फूट आणि लहानाला २५ फूट उंच पत्रे लागतात. शिवाय बांधकामाभोवती ओलं हिरवं कापड किंवा तागाचं कापड, मातीवर पाणी, झाकलेले डंपर आणि गेटवर चाकं धुण्याची सोय. नुसतं ‘धूळ येते’ म्हणून तक्रार केलीत तर कुणी हलत नाही. न झाकलेला डंपर, नंबरप्लेट आणि वेळ दिसेल असा फोटो काढा, १९१६वर नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि तो लिहून एम पश्चिम वॉर्डात लेखी अर्ज द्या. पोचपावतीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका.