टोमॅटो वाहायला पिकप घ्यायचीय: बोलेरो मॅक्स एचडी, योद्धा की इंट्रा व्ही५०?

ओतूरचा_बागायतदार

राम राम मंडळी. आजवर आमचा माल भाड्याच्या गाडीवर जातोय. ऐन तोड्याला गाडीवाला फोन उचलत नाही. उचललाच तर "वरच्या आळीचा माल टाकून आलोच" म्हणतो, आणि तो येईस्तोवर नारायणगावला निम्मा लिलाव उरकलेला असतो. यंदा स्वतःची पिकप घ्यायची हे घरात पक्कं झालंय. कोणती घ्यायची यावर मात्र रोज जेवताना वाद.

काम असं आहे. आमचे आणि दोन चुलतभावांचे मिळून साडेसहा एकर टोमॅटो. रोजचा माल नारायणगावला, आणि तिथं भाव पडला की माळशेज घाट उतरून कल्याण नाहीतर वाशी. टोमॅटो संपला की कोथिंबीर, मेथी, कोबी. उन्हाळ्यात कांदा आळेफाट्याला. मधल्या दिवसांत भाडं मिळालं तर मारायचं. शेतापासून डांबरीपर्यंत कालव्याच्या कडेनं काळ्या मातीचा रस्ता आहे, पावसात त्याचं काय होतं ते इथल्या निम्म्या लोकांना माहीतच आहे.

वडील म्हणतात बोलेरो, बाकीचं बोलू नका. धाकटा भाऊ म्हणतो टाटाची योद्धा, कारण तिला १०० एचपी ताकद आणि २५० एनएम ओढ (टॉर्क), बोलेरो मॅक्स एचडी २.० ला ८० आणि २२०. चुलतभावाला टाटाच्याच इंट्रा व्ही५० ची केबिन आवडलीय. धाकट्याच्या मोबाइलवर रात्री टोयोटाच्या हायलक्स पिकपच्या रील चालू असतात हेही सांगून ठेवतो, म्हणजे कुणीतरी त्याला चार शब्द सुनवा.

मला दोन गोष्टींत घोळ वाटतो. १.७ टनाची घ्यावी की २ टनाची? आणि बोलेरोत ९ फुटी हौदा घ्यावा की १० फुटी? शोरूमवाला प्रत्येक प्रश्नाला "सर, दोन्ही छान" एवढंच बोलतो. बजेट ऑन रोड दहा-साडेदहा लाख. गाडी मामेभाऊ चालवेल, कधीमधी मी.

रात्रपाळी_माळशेज

दादा, एचपी बाजूला ठेवा. आधी कॅरेट मोजा.

आपलं टोमॅटोचं कॅरेट साधारण ५४० बाय ३६० मिलिमीटर, उंची २९०. माल २० किलो आणि रिकाम्या कॅरेटचे पावणेदोन-दोन, म्हणजे २२ किलो धरा. आता १० फुटी हौदा, लांबी ३०५० मिलिमीटर. रुंदीत कॅरेट लांब बाजूनं आडवं टाकलं की तीन बसतात, लांबीत आठ. एक थर २४ चा. ९ फुटीत (२७६५ मिलिमीटर) लांबीला सातच बसतात, थर २१ चा.

पुढचा हिशेब बघा. १० फुटीत तीन थर म्हणजे ७२ कॅरेट, १५८४ किलो. १.७ टनाच्या पासिंगात (आरटीओनं मान्य केलेलं मालाचं वजन) क्लीनर, ताडपत्री, दोर सगळं धरून आरामात बसलं. हेच ७२ कॅरेट ९ फुटीत न्यायचे तर ६३ वर तीन थर संपतात आणि ९ कॅरेट चौथ्या थरावर चढतात. वजन तेवढंच, पण वरचे ते ९ कॅरेट वळणावर सगळ्यात आधी सरकतात. माळशेजच्या वळणांवर तुम्ही दोर कितीही आवळा, अर्धवट चौथा थर हलतोच. खालच्या थरातला माल दबतो आणि वाशीत आडत्या बोट घालून बघतो तो खालच्याच कॅरेटात.

म्हणून १.७ घ्यायची तर लाँग, म्हणजे १० फुटी घ्या. २ टनात चार थर ९६ चे होतात, वजन २११२, म्हणजे पासिंगच्या वर. सहा कॅरेट खाली ठेवून ९० न्यायचे. तेवढा माल एका तोड्याला निघतो का ते तुम्हीच ठरवा. साडेसहा एकरांवर ऐन बहरात निघेल, पण बाकीचे महिने?

आता धाकट्या भावाला सांगा. ओतूरहून वाशीला जाताना घाट भरल्या गाडीनं उतरायचा असतो आणि रिकाम्या गाडीनं चढायचा. १०० एचपी चढावर कामाला येते, तिथं तुमच्याकडं रिकामे कॅरेट. उतारावर लागतो ब्रेक आणि गिअर. दुसऱ्या-तिसऱ्यात धरून इंजिनावर गाडी उतरवायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारा किंवा चावी बंद करणारा ड्रायव्हर असेल तर त्याला कुठलीच गाडी देऊ नका. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर गेला, पॉवर स्टेअरिंग गेलं, मग भरल्या गाडीचं पेडल दगड होतं. मामेभावाला पहिल्या फेरीला माझ्यासारख्या कुणाच्यातरी शेजारी बसवा. पावसाळ्यात बोगद्याच्या अलीकडं-पलीकडं धुकं असतं आणि दरडीचे धोंडे रस्त्यावर येतात, तेव्हा पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चालायचं, ओव्हरटेक विसरायचं.

हायलक्सचं: २.८ लिटर, २०४ एचपी, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद), सगळं खरं. रस्त्यावर येईस्तोवर तीस लाखांच्या पुढं आणि हौदा पाच फुटांचा. त्यात तुमच्या घरचा डबा आणि धाकटा भाऊ बसेल.

हिशेब_संगमनेर

दादा, मी आमच्या दोन पिकपचे कागद आणि हिशेब सांभाळते. गाडीची चर्चा पुरुषमंडळी करतील, मी आरसी बुकावर येते.

पहिलं म्हणजे पासिंगच्या वर भरायची सवय लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. टोमॅटो रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवणार कुठं? आणि त्या दिवशी अपघात झाला तर विमावाल्याच्या हातात आयतं कारण. २०२३ च्या जुलैत कॅरेट दोन हजारांवर गेलं तेव्हा सगळे म्हणायचे दंड भरू पण माल नेऊ. तो भाव दरवर्षी नाही मिळत.

दुसरं, परवाना. ज्या मालगाडीचं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे गाडी अधिक माल असं एकूण वजन, ३००० किलोच्या आत आहे तिला परमिट लागत नाही. तुम्ही म्हणताय त्या १.७ आणि २ टनाच्या गाड्या त्याच्या वर जातात, तेव्हा परमिट धरा. पिवळी नंबरप्लेट, आणि पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. घरचाच माल असला तरी हे चुकत नाही. एजंट "शेतकरी आहात, पांढऱ्या प्लेटवर करून देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

मामेभावाच्या लायसन्सची काळजी असेल तर ती कमी झालीय. साडेसात टनाच्या आतल्या मालगाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. त्याआधी विमा कंपन्या याच मुद्द्यावर क्लेम अडवायच्या.

तिसरं, किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कुणी जुन्या कोटेशनवर "२० हजारांची सूट" दाखवत असेल तर आधी नवी एक्स-शोरूम विचारा. आमच्या वेळी एका शोरूमनं विमा, अॅक्सेसरी आणि "हँडलिंग" मिळून एवढं चढवलं होतं की सूट त्यातच विरघळली. विमा बाहेरून काढला आणि हँडलिंग खोडायला लावलं. भांडायला लागतं, पण खोडतात.

हप्त्याचं एक बघा. ट्रॅक्टरला सहामाही हप्ता मिळतो तसा पिकपला मिळतो का ते विचारा. महिन्याचा हप्ता पडला तर टोमॅटो नसलेल्या महिन्यांत तो भाड्यातून निघायला हवा. भाड्याच्या बाजारात गिऱ्हाईक काय मागतं ते तुमच्या वडिलांनी आधीच सांगितलंय. जुनी विकतानाही तेच. मला योद्धाबद्दल काही वावगं नाही, पण आमच्याकडं बोलेरो पिकप विकायची म्हटलं की संध्याकाळपर्यंत दारात तीन माणसं असतात.

पाटे_बूश_वेल्डिंग

मी फाट्यावर गॅरेज चालवतो, तिन्ही गाड्या येतात. वरच्या दोघांचं बरोबर, पण १० फुटीचं दुसरं अंग कुणी सांगितलं नाही. लांब हौदा म्हणजे मागच्या चाकामागं जास्त लटकणारा भाग. कालव्यावरून शेतात उतरताना जिथं रस्ता एकदम खाली जातो तिथं मागचा भाग घासतो, नंबरप्लेट आणि मागचे दिवे पहिल्या पावसात जातात. आणि सगळा माल मागं लोटला की पुढचं चाक हलकं होतं, स्टेअरिंग तरंगतं. कमी कॅरेट असले तर केबिनकडून भरत यायचं. हमाल फाळक्याकडूनच (मागच्या झडपेकडून) रचतात कारण त्यांना तेच सोपं, तिथं उभं राहा.

काळ्या मातीत या सगळ्या गाड्या रिकाम्या असताना सारख्याच फसतात, ताकद मागच्या चाकांना आणि मागं वजन नाही. वडील म्हणतात म्हणून बोलेरो निघेल, भाऊ म्हणतो म्हणून योद्धा निघेल, असं काही नाही. टायर बघा. शेताकडच्या फेऱ्या असतील तर मागं खोल नक्षीचे घ्या. आणि खरं सांगू, त्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या मुरूम टाकला तर फोर बाय फोरचे पैसे वाचतील.

इंट्राची केबिन आरामाची आहे हे कबूल. वाशीहून रात्रभर येणाऱ्याला ते कळतं. १५०० किलो पेलोड (माल न्यायची क्षमता), १.५ लिटरचं इंजिन, गल्लीबोळात वळायला बरी. डांबरीवर आणि शहरात भाडी मारणाऱ्याला मी तीच सांगतो. तुमच्या वापराला दीड टनात तीन थरही पासिंगच्या वर जातात, १५८४ झाले की.

डीपीएफबद्दल आता ऐका, कारण महिन्यात दोन-चार जण त्याचाच दिवा पेटवून माझ्याकडं येतात. बीएस सहा (प्रदूषणाचा नियम) डिझेलच्या सायलेन्सरात काजळी धरणारी जाळी असते, तीच डीपीएफ. ती काजळी जळायला गाडी काही वेळ एकसारखी, गरम इंजिनावर पळावी लागते. शेत ते फाटा, फाटा ते शेत, एवढंच महिनाभर चाललं तर जाळी भरते, दिवा लागतो, गाडी ओढ सोडते. तुमची वाशीची फेरी होईल तेव्हा हे आपोआप साफ होईल. मेथी-कोथिंबिरीच्या दिवसांत मात्र आठवड्यातून एकदा तरी गाडी महामार्गावर अर्धा तास पळवा. दिवा लागल्यावर चिकटपट्टी लावून चालवणारे आहेत आपल्यात. जाळी बदलायचा खर्च ऐकला की चिकटपट्टी आपोआप निघते.

आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवायला माझ्याकडं येऊ नका. मी पैसे घेऊन पाटा टाकून देईन, पण पासिंग वाढत नाही, वॉरंटीवाला हात वर करतो, आणि रिकामी गाडी एवढी आपटते की परतीला कॅरेट तडकतात. कमी माल असेल त्या दिवशी टोमॅटोही खालून फुटतो. कंपनीनं दिलेले पाटे १.७ ला पुरेसे आहेत.

ओतूरचा_बागायतदार

सगळ्यांचे आभार. ताई, हँडलिंगचं वाचून आमच्या कोटेशनवर नजर टाकली, १२ हजार "लॉजिस्टिक" लिहिलंय. सोमवारी खोडतो.

रात्रपाळीदादांचा हिशेब जेवताना वाचून दाखवला. वडील खूश, कारण बोलेरो. धाकटा म्हणाला, मग योद्धाचाही हौदा मोजा, न मोजता कसं ठरवता. त्याचं चुकलं नाही. सोमवारी टेम्पोत २४ रिकामे कॅरेट टाकून दोन्ही शोरूमला जातोय. सेल्समनला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, सर, कॅरेट आत आणता येणार नाहीत. बाहेर यार्डात मोजू म्हटलं.

सध्या तरी मन बोलेरो १.७ लाँगवर आहे. पाटेवाले मामा, तुमचं मागच्या लटकण्याचं ऐकून काल कालव्याचा उतार बघून आलो, एका ठिकाणी खरंच खड्डा आहे. मुरूम टाकायचाय, पण ती वाट तीन घरांची आहे आणि वर्गणीचा विषय काढला की दोघांना अचानक बाहेरगावी जायचं असतं.

एक शंका राहिली. कोथिंबीर-मेथीला वजन नसतं, उंची लागते. वरून जाळीची बॉडी बांधून घ्यायची म्हणतोय.

रात्रपाळी_माळशेज

जाळी बांधायच्या आधी आरटीओचं विचारून घ्या, कायमची वेल्ड केलेली बॉडी आरसीवर चढवावी लागते आणि तिचं वजन तुमच्या पेलोडातून जातं. जड पाइप वापरले तर दोन-चार कॅरेट तिथंच गेले. मी काढता येणाऱ्या चार उभ्या पट्ट्या आणि नायलॉनची जाळी वापरतो. मेथी रात्री भिजवलेल्या गोणपाटाखाली, वर ताडपत्री अर्धीच, मागून हवा लागली पाहिजे, नाहीतर कल्याण येईस्तोवर पिवळी पडते.

योद्धाचा हौदा मोजलात की फाळक्याच्या आतून मोजलेली रुंदी इथं टाका. ब्रोशरात बाहेरची लिहितात कधीकधी, आणि तीन कॅरेटांना १६२० मिलिमीटर लागतात. त्यात दोन बोटं कमी पडली तर अख्खा थर फिरवून लावावा लागतो.

हिशेब_संगमनेर

आणि यार्डात मोजताना कॅरेटसकट फोटो काढा. आमचे हे पण तिसरी पिकप बघतायत.