मदत हवी आहे: आरोपी निर्दोष आहे हे फक्त न्यायाधीशालाच माहीत असेल, तर तो काय करू शकतो?

गिरणामाय

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय आणि ऐन मध्यावर अडकलेय. सत्र न्यायालयात काम करणारे वकील, कोर्टात नोकरी केलेले लोक आणि अहिराणी बोलणारे, या तिघांचीही मदत लागणार आहे. माझे वडील कोर्टात नोकरीला होते. निशाणी, रोजनामा, बोर्ड, मुद्देमाल हे शब्द कानावर पडतच मी मोठी झाले, पण कायदा मला येत नाही. चुकीचं काही छापून आलं तर वडिलांच्या जुन्या सोबत्यांना तोंड दाखवता येणार नाही, म्हणून विचारतेय.

कथा थोडक्यात सांगते. जळगाव जिल्ह्यातलं एक अतिरिक्त सत्र न्यायालय, गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. डिसेंबर 2024, शनिवारची रात्र. चोपड्याकडच्या एका शेतात भरीत पार्टी आहे. शेत एका बड्या वकिलाचं, आणि त्याच्या केसेस या न्यायाधीशांसमोर चालतात. साहेबांनी जायला नको होतं. मुख्यालय सोडायची परवानगीही काढली नव्हती. पण नोकरीमुळे कुणाकडे जाणं-येणं नाही, बायको मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला, बंगल्यात एकटा माणूस. गेले.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला त्या वकिलाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, बसलाय. साहेब विस्तवाजवळ जाऊन उभे राहतात, तेव्हा तो म्हणतो, "देठ धरा साहेब, देठ धरून सोला, हात भाजत नाही." रात्री साडेबारापर्यंत तो तिथेच असतो. साहेबांनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच रात्री दहा-अकराच्या सुमारास सावद्याजवळ केळीच्या एका व्यापाऱ्याचा खून होतो. चोपड्याहून सावदा म्हणजे गाडीने तासाभराहून जास्त. पकडला जातो हा सालदार. व्यापाऱ्याशी त्याचं मजुरीवरून भांडण झालेलं असतं, आणि त्याच्या झोपडीत रक्त लागलेला विळा सापडतो. पुढच्या पावसाळ्यात केस याच साहेबांसमोर येते. तीन साक्षीदार होतात, तोवर आरोपी जेलमधून व्हीसीवरच (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) असतो, पडद्यावर धूसर चेहरा. चौथ्या तारखेला त्याला प्रत्यक्ष आणतात. साहेब नेहमीप्रमाणे विचारतात, जेलमध्ये काही त्रास आहे का. तो "नाही साहेब" म्हणतो, आणि त्या आवाजाने साहेबांचा पेन थांबतो.

सालदार त्या रात्रीबद्दल अवाक्षर बोलत नाही. मालकाची उचल घेतलेली, बायको-पोरं मालकाच्या शेतातच राहतात. आणि त्याच्या मनात एक साधी खात्री आहे: साहेबांना माहीत आहेच, मग ते सोडतीलच. माझी सगळी कादंबरी या एका वाक्यावर उभी आहे.

आता विचारायचं ते. साहेबांना जे माहीत आहे त्यावर ते त्याला सोडू शकतात का? नसेल, तर केस दुसरीकडे द्यायची रीत काय? त्यांना साक्षीला बोलावता येतं का? शेवटाकडे पोलीस साहेबांनाच संशयित ठरवतात आणि कोर्टाच्या आवारात बेड्या घालतात, असा प्रसंग लिहिलाय, तो चालेल का? आणि एका म्हाताऱ्या राखणदाराची अहिराणीतली साक्ष आहे, ती कुणी तपासून देईल का?

पांझराकाठचा वकील

ताई, आधी तारीख. खून डिसेंबर 2024 चा, म्हणजे तुमच्या कच्च्या मसुद्यात कुठे 302 असेल तर काढा. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता, खुनाला कलम 103. कार्यपद्धतीला नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याला साक्ष अधिनियम 2023. बोलताना आम्ही सगळे अजून "तीनशे दोनची केस" म्हणतो, तेव्हा पात्रांच्या तोंडी राहू द्या, कागदावर नको.

आता मुख्य प्रश्न. नाही सोडू शकत. न्यायाधीशाने निकाल द्यायचा तो रेकॉर्डवर आलेल्या पुराव्यावर. त्याने खासगीत पाहिलेलं कुणी शपथेवर सांगितलेलं नसतं, सरकारी वकिलाला त्याची उलटतपासणी घेता येत नाही. एकाच खटल्यात साक्षीदारही तोच आणि निकाल देणाराही तोच, हे चालत नाही. तुमच्या सालदाराची खात्री जिथे सगळ्यात पक्की आहे, नेमका तिथेच कायदा साहेबांचे हात बांधतो.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 525 बघा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच 479 होतं. ज्या प्रकरणात न्यायाधीश स्वतः पक्षकार आहे किंवा ज्यात त्याचा वैयक्तिक संबंध आहे, ते त्याने चालवायचं नाही. अपील ज्या कोर्टात जातं त्या कोर्टाने परवानगी दिली तरच, म्हणजे तुमच्याकडे उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात, चुकून मुंबई लिहू नका. नुसती घटनास्थळाची पाहणी केली म्हणून मात्र न्यायाधीश अपात्र होत नाही, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे.

केस हलवायची रीत बारकाईने लिहा, कारण इथे बहुतेक लोक चुकतात. प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश अतिरिक्त सत्र न्यायाधीशाकडे दिलेली केस परत घेऊ शकतात, पण खटला सुरू होण्याआधी. ते कलम 449. तुमच्याकडे साक्षी सुरू झाल्यात, तो रस्ता बंद. उरतं कलम 448. त्यात सत्र न्यायाधीश आपल्या विभागातल्या एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात केस वर्ग करू शकतात, आणि ते तीन प्रकारे: पक्षकाराच्या अर्जावर, स्वतःहून, किंवा खालच्या कोर्टाच्या अहवालावर. हा अहवाल तुमचा हिरो स्वतः लिहील. त्यात कारण द्यावं लागेल. "वैयक्तिक कारणास्तव" एवढंच लिहून तो सुटू शकतो, आणि सालदार आत सडू शकतो. खरं कारण लिहिलं, तर परवानगीविना मुख्यालय सोडलं हेही आलं आणि वकिलाच्या शेतात जेवलो हेही आलं. माझ्या मते तुमची सगळी कादंबरी त्या एका कागदात आहे.

गिरणामाय

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. एक शंका आहे. पुरावा कच्चाच असेल, तर ते काहीच न बोलता संशयाचा फायदा देऊन सोडू शकत नाहीत का? कुणाला कळणार?

पांझराकाठचा वकील

कुणालाच कळणार नाही, आणि मोह तोच आहे. विळ्याच्या पंचनाम्यात चूक काढायची, पंच फितूर झाला म्हणायचं, निकाल लिहून मोकळं व्हायचं. पण राज्य सरकार खंडपीठात अपिलात गेलं की तिथे फक्त कागद बोलतात. विळ्यावरचं रक्त, भांडण, सगळं तिथे असेल. आरोपी चोपड्याला होता हे मात्र एका ओळीतही नसेल. सुटका उलटली तर तोच माणूस जन्मठेपेला जाईल, आणि साहेबांनी रेकॉर्डवर काहीच ठेवलेलं नसेल. म्हणून पुरावा कच्चा ठेवू नका. चांगला भक्कम ठेवा, म्हणजे साहेबांना ती पळवाट सापडणार नाही.

साक्षीबद्दल: बोलावता येतं. साक्ष अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे न्यायाधीशाला, त्याने न्यायाधीश म्हणून कोर्टात काय केलं किंवा तिथे काय कळलं, याबद्दल उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. वरिष्ठ न्यायालयाने खास आदेश दिला तर गोष्ट वेगळी. पण शेतातली रात्र म्हणजे कोर्ट नव्हे. तिथे तो साधा माणूस होता, ते कलम त्याला झाकत नाही. केस वर्ग झाली की आधी नोंदलेल्या साक्षी तशाच पुढे वापरता येतात, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. आपण घटनेच्या वेळी दुसरीकडे होतो हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, म्हणून साहेब बचावाचे साक्षीदार होतील. आरोपीचा वकील कचरला, तर नवीन न्यायाधीश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 348 खाली त्यांना स्वतः बोलावू शकतात. उलटतपासणीत सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारेल ते तुम्हाला माहीतच आहे: "मुख्यालय सोडायची परवानगी घेतली होती का?"

सातपुडा७७

बेड्यांचा प्रसंग काढाच, ताई. 1989 मध्ये गुजरातेत नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी मारहाण केली, दोराने बांधलं, बेड्या घातल्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये निकाल दिला आणि नियम घालून दिले. न्यायिक अधिकाऱ्याला अटक करायची तर जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवून. तातडी असेल तर फक्त औपचारिक अटक. जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलीस ठाण्यात न्यायचं नाही. जबाब घ्यायचा तो त्याच्या वकिलासमोर किंवा त्याच्या बरोबरीच्या नाहीतर वरच्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर. बेड्या नाहीत, स्वतः हिंसक होऊन अंगावर आला तरच अपवाद. तुमचा पोलीस निरीक्षक हे नियम पाळत आदबीने बंगल्यावर येतो आणि चहाही घेत नाही, असं लिहिलंत तर वाचणारा जास्त घाबरेल.

शिंदखेड्याची माय

ताई, तुम्ही राखणदार सावद्याचा दाखवलाय आणि तो अहिराणी बोलतो. आमच्याकडचं कुणीही वाचताना तिथेच थांबेल. रावेर-यावलकडे लेवा गण बोली. अहिराणी अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे, साक्री या बाजूला. त्याला पारोळ्याकडून कामाला आलेला दाखवा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरवून एवढ्या लांब येतात माणसं, म्हणजे जमेल. साक्षीत नेमकं काय आहे?

गिरणामाय

बरं झालं सांगितलंत, मी ते साफ विसरले होते. साक्ष अशी आहे. खुनानंतर एक गाडी बांधावरून वळते, आणि राखणदाराला त्या व्यापाऱ्याची मुलगी गाडीत दिसते. तो "आंडेर" म्हणतो, कोर्टात "आंडोर" ऐकलं जातं आणि जबाबात "मुलगा" लिहिलं जातं. मी लिहिलेलं वाक्य: "गाडीमा त्यान्ही आंडेर बठेल व्हती, मी दखं."

शिंदखेड्याची माय

आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा, एका मात्रेचा खेळ, हे छान धरलंय. पण या वाक्यात घोटाळा होणारच नाही. "त्यान्ही" आणि "व्हती" दोन्ही आधीच मुलगी सांगून बसतात. तिथे कुणी मुलगा लिहिलं तर तो बहिरा. त्याला एकाच शब्दात उत्तर देऊ द्या. सरकारी वकील विचारतो, "गाडीत कोण होतं?" म्हातारा दातपडका, पंखा घरघरतोय, तो म्हणतो, "आंडेर." बस्स. पुढे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना मुलगा ऐकायचाच होता.

पांझराकाठचा वकील

यात थोडी भर. नोंदलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 313. त्याने "असं बोललो नाही" म्हटलं तर दुरुस्ती करायची, नाहीतर त्याची हरकत टिपून ठेवायची. म्हणून ती चूक टिकायची असेल तर वाचन उरकल्यासारखं झालं पाहिजे. सहाचा सुमार, बोर्डावर अजून चार केसेस, म्हातारा "हां हां" करत अंगठा देतो. आणि ती साक्ष घेताना डायसवर साहेबच होते, हे विसरू नका. त्या चुकीखाली सही त्यांचीच आहे.

जुना बेंच क्लार्क

बाळा, मी तीस वर्षं कोर्टात काढली, तालुक्याला आणि जिल्ह्यालाही. कायद्याचं वकीलसाहेबांनी सांगितलंच आहे, मी दोन बारीकसारीक गोष्टी सांगतो. दोषारोप आरोपीला वाचून समजावतात, तेव्हा साहेब त्याला पाहतातच. म्हणून दोषारोप आधीच्या साहेबांनी ठेवला आणि उन्हाळ्यातल्या बदल्यांत ते गेले, मग केस तुझ्या साहेबांच्या बोर्डावर आली, असं कर. तुझे साहेब तेव्हा जिल्ह्यातच दुसऱ्या कोर्टावर होते, एवढं जुळलं पाहिजे.

दुसरं, ज्या दिवशी ते आवाज ओळखतात, त्या दिवशी रोजनाम्यात, म्हणजे केसच्या तारखेगणिक नोंदीत, काहीतरी लिहावंच लागेल. मी असतो तर विचारलं असतं, "साहेब, काय लिहू?" त्या प्रश्नाला ते काय उत्तर देतात ते लिही.

गिरणामाय

काका, हे तुमच्यासारख्यालाच सुचणार. वडील असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. रात्री बसून लिहिलं. साहेब म्हणतात, "पुढची तारीख द्या," आणि क्लार्क पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहितो. त्या पंधरा दिवसांत तो अहवाल चार वेळा फाडला जातो. शेवटी जो जातो त्यात चोपडा आहे, वकिलाचं नाव आहे, साडेबारा आहे. बेड्या काढल्या. राखणदार पारोळ्याचा केला.

आता शेवटची विनंती. साहेब साक्षीला येतात ते त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टासमोर. त्यांना आत कसं बोलावतात? पिंजऱ्यात उभं करतात की खुर्ची देतात?

जुना बेंच क्लार्क

खुर्ची द्यायची की नाही ते डायसवरचे साहेब ठरवतील, देतीलच बहुतेक. पण शपथ उभं राहूनच घेतात. आणि आत येण्याआधी पुकारा होईल, सगळ्यांचा होतो तसा. पट्टेवाला तोच ठेव, जो रोज सकाळी त्यांची बॅग उचलून चेंबरला न्यायचा. व्हरांड्यात येऊन तो साक्षीदाराचं पूर्ण नाव तीनदा मोठ्याने घेईल. पुकाऱ्यात नावामागे साहेब लावत नाहीत.