बाटली फेका म्हणणाऱ्यांनी आधी एक दिवस वेचणीला यावं

धुऱ्यावरून
काल इथं 'अमरावतीची आई' यांनी लिहिलं : "लेकराला वर्ष झालं की दुधाची बाटली सरळ कचऱ्यात टाका. तीन रात्री रडेल, चौथ्या रात्री विसरेल. ज्यांना जमत नाही त्यांना लेकरापेक्षा स्वतःची झोप प्यारी." वाचल्यापासून डोकं सणकलंय. लांबलं तर लांबू द्या.

माझा मुलगा सव्वा वर्षाचा. दसऱ्यानंतर कापूस फुटला की मी सकाळी आठला घराबाहेर, लेकरू सासूबाईंजवळ. त्यांची बोटं सांधेदुखीनं वाकलेली. वाटी-चमच्यानं पाजायला अर्धा तास जातो, त्यातही निम्मं लुगड्यावर. बाटली दिली की तो बाजेवर पडून पितो आणि त्या बसल्या बसल्या भाजी निवडतात. आता बाटली मी फेकायची आणि रडणं त्यांनी ऐकायचं? तुमच्या तीन रात्री असतील, आमच्या इथं दुपारी असतात.

दोन दिवस सोबत शेतात नेऊन पाहिलं. बाभळीला झोळी, धुऱ्यावर पिशवीत बाटली. अकरा वाजता पाहते तर निप्पलच्या भोकाशी मुंग्यांची रांग आणि दूध फाटलेलं. ते मात्र पुन्हा केलं नाही.

सिपर आणला नाही असंही नाही. अकोल्याहून आणला, दोन कानांचा, झाकणावर जिराफ. 'सांडत नाही' म्हणे. सांडत नाही, कारण आत रबराची चकती असते आणि जोर लावून चोखल्याशिवाय थेंब येत नाही. म्हणजे बाटलीच की, फक्त चोच टणक! त्यानं ती चोच चावून चपटी केली आणि दुधासाठी बोट बाटलीकडेच. आठवड्यानं चकती पिनेनं उचकटली तर खाली काळी रेघ आणि आंबूस वास. रोज धूत होते हो मी. मग चकतीच काढून टाकली. दूध गळालं, ठसका लागला, पण कप तिरपा केला की आपोआप येतं हे त्याला तेव्हाच कळलं.

आज स्थिती अशी : मी घरी असते म्हणून सकाळची बाटली सुटली, छोट्या स्टीलच्या पेल्यात दोन बोटं दूध देते. दुपारी सासूबाई बिनचकतीचा सिपर देतात, एका वेळी दोन घोट, बाकी गंजात, म्हणजे पातेल्यात. रात्रीची बाटली आहे. ती शेवटी जाईल, आणि मी सांगेन तेव्हा जाईल.

अमरावतीची आई
झोपेचं मी माझ्याच अनुभवावरून लिहिलं होतं. तुम्ही स्वतःवर ओढून घेतलं.

माझी मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत बाटली तोंडात घेऊनच झोपायची. मीही म्हणायचे, रात्रीची शेवटी जाईल. वरचे समोरचे चार दात आधी तपकिरी झाले, मग कडेनं ढलपे निघाले. दातांचे डॉक्टर म्हणाले, झोपेत लाळ कमी होते, दूध दातांवर तसंच साचून राहतं. त्या खुर्चीवर तिचे दोन्ही हात मी धरले होते. ती कशी ओरडली ते इथं लिहीत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बाटली सोडवा म्हणतात. तुमचे पंधरा झाले. मोजा.

धुऱ्यावरून
अमेरिकेत सासूबाई सांभाळतात का लेकरं?

खारपाण
पेला की सिपर हे नंतर. आत पाणी कोणतं? आम्ही पूर्णाकाठचे. अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा खारा पट्टा पसरलेला. बाटली उकळायला ठेवली की गंजाला पांढरा थर, बाटलीला पांढरा थर. लेकराला पाजायला कॅन विकत आणा, आणि तीच बाटली धुवायला खारं पाणी. इतकी वर्षं नेते येतात, घोषणा करतात, जातात...

अमरावतीची आई
भाऊ, परवा पुरणपोळीच्या धाग्यावरही तुम्ही हेच लिहिलं होतं.

खारपाण
कारण पुरणही त्याच पाण्यात शिजते.

सेविका
मी अंगणवाडीत आहे, म्हणून बोलते. मुळात बाटली हवीच कशाला? १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो अजून कडक केला. दूध पावडरीची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही, ते उगाच नाही. सहा महिने फक्त अंगावरचं, मग वरचं खाणं वाटी-चमच्यानं. आपल्या आज्यांकडे बोंडलं, ती चोचीची वाटी, होतंच की. धुवायला सोपं, ना रबर, ना भोक. पाणी सहा महिन्यांनंतर उघड्या पेल्यातून घोटभर द्यायला लागलं, तर वर्षाला सिपरची गरजच पडत नाही.

दुसरं, वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर दूध बस झालं. बाटलीनं पोट भरतं, मग लेकरू वरण-पोळीला तोंड लावत नाही आणि रक्त कमी होतं. आणि दूध तरी बरं. गेल्या आठवड्यात एका घरी बाटलीत चहा पाहिला. चहा! दहा महिन्यांचं लेकरू.

बुढीचा नातू
घ्या, आली गाडी च्यावर. आमच्या घरी चार पिढ्या लेकराले बशीतला च्या देते. मले माह्या बुढीनं पाजला, माह्या बापाले तिच्या सासूनं. कोनाचं काय बिघडलं? सकाळी पाच वाजता पोट्टं उठलं, दूध नाई, तं बाईनं काय पाजाव? तुमी शिकेल लोकं आमच्या बुढ्यांले बह्याड समजता.

सेविका
बह्याड कोणी म्हटलं नाही. पण चहा जेवणासोबत गेला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांमध्ये रक्तक्षय महाराष्ट्रात शंभरात जवळपास ६९ होता. तेच आधीच्या पाहणीत ५४ च्या आसपास. आशाताई आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप द्यायला सांगतात, आणि घरचे त्यावर बशीभर चहा पाजतात.

बुढीचा नातू
म्हंजे रक्तक्षय बी आमच्या बुढीनंच आनला काय? दाळ सव्वाशे-दीडशेले भेटून रायली, ते नाई दिसत? लेकराच्या ताटात काय हाये ते पाहा आधी, मंग बशी पाहा.

सेविका
ताटच पाहते मी रोज. तुमच्या घरी येऊन पाहू का?

बुढीचा नातू
या नं. च्या ठेवतो.

अमरावतीची आई
विषय बाटलीचा होता हो.

बुढीचा नातू
बाटलीचंच सांगून रायलो. माह्या पोरीनं बाटली कधी तोंडाले लावली नाई. काहून? बुढी बशी धरे, पोट्टी भुरके. आठव्या महिन्यापासून. तुमच्या जिराफवाल्या कपाच्या आधीची हाये आमची बशी.

सेविका
हे मात्र खरं आहे, आणि मला ते तुमच्याकडून ऐकावं लागतंय. बशी म्हणजे उघडा कपच, तोही रुंद. ओठ कडेला टेकतो, जीभ मागं राहते, चोखावं लागत नाही. बशी ठेवा. चहा काढा.

बुढीचा नातू
अर्धं मानलं. बुढीले तुमी सांगा.

खारपाण
बशीही धुवावी लागतेच.

धुऱ्यावरून
हे सगळं मी रात्री जेवताना सासूबाईंना वाचून दाखवलं. चहापर्यंत आले तर त्या म्हणाल्या, "बशी? मंग आधी काहून नाई सांगतलं? तो जिराफ कायले आनला?" दूध कोमट करून बशीत ओतलं आणि त्याच्यापुढं धरलं. त्यानं आधी फुंकर मारली. आबाजींना रोज पाहतो नं. सगळ्यांच्या तोंडावर शिंतोडे. मग ओठ लावून भुरकलं, दोन बशा संपवल्या. सासूबाईंची बोटं चमच्यावर वळत नाहीत, पण बशी दोन्ही हातांनी धरता येते. हे मला सव्वा वर्ष सुचलं नाही.

रात्रीची बाटली आज दिली. उद्या देईन की नाही ते ठरवलेलं नाही, आणि कोणाच्या सांगण्यावरून ठरवणार नाही.

पण झोपल्यावर टॉर्च लावून दात पाहिले. वरच्या समोरच्या दोघांवर, हिरडीच्या अगदी लगत, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ आहे. बोटानं पुसली तरी जात नाही. दूधच आहे की काय?

अमरावतीची आई
पुसून जात नसेल तर दूध नाही. आमच्याकडे सुरुवात तिथूनच झाली होती, तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. पांढरी आहे तोवर थांबवता येते म्हणतात. आज रात्रीपासून बाटलीत पाणीच द्या, आणि त्याला घेऊन या. शनिवारी मी घरी आहे, सोबत येते डॉक्टरकडे.

धुऱ्यावरून
शनिवारी वेचणीचा हिशेब असतो. शुक्रवारी येते.