डर्ट बाइकला ग्लायकॉल कशाला? पाणीच बरं!

चिखलफेक (धागाकर्ता):
रेडिएटरमध्ये काय ओतावं यावरून परवा मित्राशी तासभर जुंपली, म्हणून विषय इथे आणतोय. माझं मत: डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात थोडं वॉटर वेटर (पाण्यात घालायचं, उष्णता वाहायला मदत करणारं रसायन), बस्स. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. निम्मं ग्लायकॉल (तयार कूलंटमध्ये पाण्यासोबत असतो तो दाट द्रव) मिसळा, आकडा १५-२० टक्क्यांनी घसरतो, वर मिश्रण दाट होतं ते वेगळंच. आपल्या गाडीत मावतं जेमतेम लिटरभर. बहुतेक मोटोक्रॉस गाड्यांना पंखा नाही, कित्येकांना थर्मोस्टॅटही नाही. अशा ठिकाणी उष्णता कमी वाहणारा द्रव भरायचा हे मला पटत नाही. डांबरी ट्रॅकवरच्या रेसमध्ये एफआयएमच्या (मोटारसायकल शर्यतींची जागतिक संघटना) नियमाने नुसतं पाणी किंवा पाणी आणि इथाइल अल्कोहोल एवढंच चालतं. त्या गाड्या काय वितळतात?

साखळीवंगण:
असहमत. त्या नियमाचा थंडाव्याशी काहीएक संबंध नाही. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर वाळत नाही आणि मागून येणारा आडवा होतो, म्हणून बंदी. शिवाय त्या गाड्यांच्या तोंडावर सतत वारा असतो. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून दगडांच्या चढावर लटकलेले असता, तेव्हा वारा कुठला?

तिथे आकडा लागतो तो उकळण्याचा. रेडिएटरची १.१ बारची कॅप (आत दाब धरून ठेवणारं झाकण) धरली तर पाणी साधारण १२१ अंशांना उकळतं, ५०-५० इथिलीन ग्लायकॉल १२९च्या आसपास. हे सात-आठ अंश म्हणजे चढ पार होणं आणि वाफेचा फवारा यांतला फरक.

चिखलफेक:
मग १.८ची कॅप लावतो! पाण्याचेही दहा अंश वाढतात.

साखळीवंगण:
लावा की. पण तो जास्तीचा दाब होजच्या जोडांवर, रेडिएटरच्या वेल्डिंगवर आणि पंपाच्या सीलवरही पडणार. दोन-तीनदा आपटून सरळ केलेला रेडिएटर असेल तर मी तरी लावणार नाही.

जुना टू-स्ट्रोक:
तुम्ही दोघं तापमानावरच भांडताय. मी पाण्याचा भक्त होतो, तीन हंगाम. डिस्टिल्डच घालायचो, एकदा सोडून. रानात रेडिएटर रिकामा झाला तेव्हा हातपंपाचं पाणी भरलं आणि नंतर बदलायचं राहून गेलं. पुढे वॉटर पंपाचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पांढरट-करडी पेस्ट, नखाने खरवडली की पिठासारखी सुटायची. खाली धातूला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. ओ-रिंग बसते त्या खोबणीतच दोन होते, म्हणजे नवी रिंग घालूनही गळणारच. झाकण भंगारात गेलं.

पुष्कळ डर्ट बाइकची इंजिन कव्हरं वजन वाचवायला मॅग्नेशियमची करतात. हेड ॲल्युमिनियमचं. वेगवेगळे धातू, मध्ये पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात बोअरच्या पाण्यातला क्लोराइड आला की ॲल्युमिनियमला भोकं पाडायला सुरुवात. कूलंटमध्ये ग्लायकॉलपेक्षा मला तरी त्यातलं गंजरोधक महत्त्वाचं वाटतं.

चिखलफेक:
वॉटर वेटरच्या बाटलीतही गंजरोधक असतं हो. आणि तुमचं झाकण खाल्लं ते हातपंपाने, डिस्टिल्डने नव्हे.

जुना टू-स्ट्रोक:
हातपंपाचा वाटा मान्य. पण दर वेळी उकळून बाहेर गेलं की तुम्ही वरून नुसतं पाणी घालता ना? मग वेटर उरलं किती?

पाचवा गिअर:
गंजरोधकाचा विषय निघालाच आहे तर सिलिकेट हे गंजरोधक असलेला कूलंट घेऊ नका. ती बारीक कणांची पॉलिश पावडरच असते, पंपाचं सील घासून टाकते.

साखळीवंगण:
हे अर्धसत्य. सिलिकेट ॲल्युमिनियमवर पटकन थर धरतं, म्हणूनच युरोपातले बरेच उत्पादक ते वापरतात आणि फॉस्फेट टाळतात, कारण कठीण पाण्याशी गाठ पडली की फॉस्फेटचे क्षार बसतात. जपानी पद्धत उलटी: फॉस्फेट चालेल, सिलिकेट नको, कारण सीलची काळजी. दोन्ही घराणी आपापल्या जागी ठीक आहेत. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघायचं आणि त्याच घराण्यात राहायचं.

नवा रायडर:
मधेच विचारतो. माझ्यात हिरवा आहे, घरी गुलाबी पडलाय. वरून घातला तर चालेल का?

पाचवा गिअर:
रंगावर जाऊ नका, तो नुसता रंग आहे. एकाच जातीचा कूलंट दोन कंपन्या दोन रंगांत विकतात. डब्यामागे काय लिहिलंय ते वाचा. न जुळणारी गंजरोधकं एकत्र आली तर एकमेकांचा परिणाम मारतात, कधी जेलीसारखा गाळही धरतो. आपल्या रेडिएटरच्या नळ्या एवढ्याशा असतात. सगळा काढून, डिस्टिल्डने धुऊन एकच भरा.

थंडगार:
एवढा वाद, आणि वॉटरलेसचं (बिनपाण्याच्या कूलंटचं) नावच कोणी काढलं नाही! प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, त्यामुळे कॅपमधून वाफ जाणं हा प्रकारच बंद. पाणी नाही म्हणजे गंजही जवळजवळ नाही. मी एंड्युरोत (रानावनातल्या लांब शर्यतीत) तेच वापरतो, एकदाही ओकलं नाही.

साखळीवंगण:
ओकत नाही हीच माझी तक्रार आहे. त्याची उष्णता वाहण्याची ताकद पाण्याच्या साठ-सत्तर टक्के. म्हणजे सिलिंडर हेड आणखी तापतं आणि तुम्हाला कळतही नाही. साधा कूलंट निदान वाफ सोडून सांगतो की बाबा, थांब आता. तुमच्याकडे तापमानाचा काटा आहे का?

थंडगार:
आहे. हँडलवर लावलाय.

साखळीवंगण:
मग हरकत नाही. काटा नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि रानात गळती झाली तर वर काय घालणार? पाणी घातलं की वॉटरलेसपण संपलं.

जुना टू-स्ट्रोक:
+१. शिवाय हळू चालताना रेडिएटरमधून हवाच जात नसेल तर आतला द्रव कोणताही असो, थोडा वेळ मिळवून देतो इतकंच. चिखलाने बुजलेल्या जाळ्या धुणं आणि जमलं तर छोटा पंखा बसवणं, याचा फरक मला कूलंट बदलण्यापेक्षा जास्त जाणवला. धुताना प्रेशरचा पाइप तिरका मारू नका, नाहीतर रेडिएटरच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतील.

चिखलफेक:
आज हट्टाने ड्रेन बोल्ट काढला. खाली पांढरं ताट ठेवलं होतं मुद्दाम. पहिली धार स्वच्छ, शेवटचं अर्धं भांडं करडं. झाकणाच्या खोबणीत खड्डे नाहीत, पण कडेला पावडर धरायला लागली होती. उष्णतेचा मुद्दा मी सोडलेला नाही. हरलो ते मॅग्नेशियमपुढे. सिलिकेट नसलेलं तयार ५०-५० भरलं. जुनं काढलेलं पाणी बाटलीत बंद करून ठेवलंय. नव्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना ते मारतं, त्यामुळे यापुढे ताटही उघड्यावर ठेवायचं नाही.

एक अडचण: काठोकाठ भरलं, पाच मिनिटं चालवली, गार झाल्यावर बघतो तर पातळी दोन बोटं खाली.

पाचवा गिअर:
हवा अडकली असेल. पुढचं चाक उंच करा, गाडी कॅपच्या उलट बाजूला कलती करा म्हणजे कॅप सगळ्यात वर येईल, होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबले की भरा. इंजिन गार असतानाच, हं.

जुना टू-स्ट्रोक:
आणि पंपाखाली ते बारीक भोक असतं ना, तिथे बोट लावून बघा. ओलं असेल तर दोष हवेचा नाही, सीलचा आहे.

चिखलफेक:
लावलं. ओलं आहे.

जुना टू-स्ट्रोक:
कूलंट की तेल?