दहा वर्षांच्या मुलीची वारंवार पोटदुखी आणि ॲपवरील रिलॅक्सेशन

ऐरोलीची आई:
नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. जूनपासून आठवड्यातून दोन-तीनदा तिच्या बेंबीभोवती कळ येते. सकाळी स्कूलबसच्या वेळी एका पायात मोजा चढवून ती दाराशी वाकून बसते आणि दुसरा मोजा मुठीत आवळून धरते. जंताचे औषध झाले, ओवा झाला, बेंबीला हिंग लावून झाले. रक्त, लघवी आणि शौचाच्या तपासण्यांत काही निघाले नाही. सोनोग्राफीत लहान गाठी दिसल्या, पण तशा निरोगी मुलांतही दिसतात, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ही ‘फंक्शनल’, म्हणजे तपासण्यांत कोणताही आजार न सापडणारी, पोटदुखी असल्याचे सांगून ॲपवरील रिलॅक्सेशन, म्हणजे आवाज ऐकत अंग सैल सोडणे, रोज करायला सांगितले आहे. सासूबाई विचारतात की पोटाचे दुखणे मोबाइलने कसे थांबेल, आणि माझ्या मनात तर त्याहून वाईट शंका येते: मुलगी दुखण्याचे सोंग करते, असे तर डॉक्टरांना म्हणायचे नसेल ना?

समुपदेशक, पाचपाखाडी:
ताई, दुखणे खरे आहे, याबद्दल मनात किंतु ठेवू नका. आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते. या मुलांची आतडी अधिक संवेदनशील झालेली असतात, त्यामुळे वायू पुढे सरकणे किंवा आतडे थोडे ताणले जाणे, जे इतरांच्या लक्षातही येत नाही, ते त्यांना कळ म्हणून जाणवते आणि काळजीने ती कळ आणखी वाढते. ब्रिटनमध्ये ॲप्ली आणि नेश यांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत दर दहांतील साधारण एका मुलाला अशी वारंवार पोटदुखी होती.

या उपचाराला आधार आहे. २००७ साली नेदरलँड्समध्ये ८ ते १८ वयाच्या ५३ मुलांवर झालेल्या अभ्यासात पोटावर केंद्रित संमोहन (अंग सैल सोडून, पोटाला आराम देणारी कल्पना ऐकत ती मनात रंगवणे, तुमच्या रिलॅक्सेशनच्या जवळचेच) घेतलेल्यांपैकी ८५ टक्के मुले वर्षभरानंतर बरी होती, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. तुमच्या प्रश्नाला अधिक जवळचा अभ्यास त्याच देशातला, २०१७ चा आहे. त्यात काही मुलांनी तज्ज्ञांकडे जाऊन हे संमोहन घेतले आणि काहींनी तेच घरी सीडीवर ऐकले. वर्षानंतर पहिल्या गटातील ७१ टक्के आणि दुसऱ्या गटातील ६२ टक्के मुलांना गुण आलेला होता. म्हणजे घरी ऐकलेल्या आवाजानेही बरेच साधते. मात्र झोप लागावी म्हणून केलेले कोणतेही ध्यानाचे ॲप येथे चालेल असे मी म्हणणार नाही. पोटदुखीसाठी आणि तिच्या वयाच्या मुलांसाठी बनवलेलेच निवडावे.

वजन घटणे, उंची न वाढणे, शौचातून रक्त, हिरवी उलटी, वारंवार ताप, किंवा दुखण्याने झोपेतून जाग येणे, यांपैकी काहीही दिसले तर ॲप बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

नेरूळचा बाबा:
आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही यातून गेलो. आमचे ॲप इंग्रजीत होते, उच्चार परदेशी होते आणि तो दोन मिनिटांत डोळे उघडून ‘संपलं का?’ विचारायचा. शेवटी समुपदेशकांना विचारून आम्ही तोच मजकूर मराठीत लिहिला आणि त्याच्या आईने फोनवर वाचून ध्वनिमुद्रित केला. हातावर एखादी चमकदार वस्तू विरघळते, हात उबदार होतो, तो हात पोटावर ठेवल्यावर ऊब आत पसरते, अशी त्यातली कल्पना होती. मुलाने चमकदार वस्तू नाकारून गरम पोळीवरचा तुपाचा गोळा निवडला, आणि त्या दिवसापासून रात्रीचे पंधरा मिनिटे तो स्वतःहून मागू लागला. फरक दिसायला आम्हाला सहा आठवडे लागले.

आमची चूक वेगळीच होती. मी रोज कामावरून आल्या आल्या ‘आज दुखलं का रे?’ विचारत असे. २००६ च्या एका अमेरिकी प्रयोगात मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी पाजले. ज्यांचे पालक दुखण्याची विचारपूस करत राहिले त्यांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या आणि ज्यांच्या पालकांनी लक्ष दुसरीकडे वळवले त्यांच्या निम्म्या झाल्या. हे कळल्यावर मी विचारणे थांबवले, आणि ते ॲपपेक्षाही अवघड गेले.

शिक्षिका, कळवा:
वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. कळ आली की लगेच घरी फोन करण्याऐवजी मी मुलाला मागच्या बाकावर पाच मिनिटे पोटातून सावकाश श्वास घ्यायला बसवते आणि मग पुन्हा वर्गात सामील करून घेते. शाळा बुडत राहिली की परतणे मुलांना फार जड जाते.

ऐरोलीची आई:
सर्वांचे मनापासून आभार. झोपेतून जाग येत नाही आणि वजनही वाढते आहे, त्यामुळे धीर आला. मराठी मजकूर सासूबाईंनीच वाचून द्यावा असे ठरले आहे, कारण मुलगी त्यांच्याच कुशीत झोपते. उद्या सकाळी ती मोजा धरून बसली तर काय बोलावे, एवढेच नेरूळच्या बाबांनी सांगावे.

नेरूळचा बाबा:
दुखण्याचा विषय काढू नका. ‘हात पोटावर ठेव, तूप विरघळू दे, मी तोवर डबा भरते’ एवढेच म्हणा आणि खरोखर डबा भरायला जा.