मदत हवी आहे: वाटपाची खिचडी दुपारपर्यंत आंबते (कोल्हापूर, एप्रिल २०२०)

उत्तरेश्वरकर:
मंडळी, कोरोनाचा लॉकडाऊन लागल्यापासून आमच्या तालमीतर्फे (पेठेतल्या मंडळातर्फे) रोज ६० जणांना खिचडीची पाकिटं जातात. निम्मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामगारांच्या खोल्यांवर, बाकी सीपीआर या सरकारी दवाखान्याबाहेर थांबलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना आणि पेठेतल्या एकट्या म्हाताऱ्यांना. पहाटे ६ ला शिजते, १२ ला वाटप. चिकट होते, वास मारते अशी तक्रार आहे. काय चुकतंय? प्रमाणही सांगा, कधी उरते, कधी कमी पडते.

पातेलंभर:
६ ते १२ हीच चूक. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत आणि अन्न कोमट झालं की फोफावतात. गरम खिचडी पिशवीत बांधली की वाफेचं पाणी आतच सुटतं, मधला गोळा तासन्‌तास कोमट राहतो. त्यात एप्रिलचं ऊन! आंबलेली परत उकळून तर अजिबात देऊ नका, जंतूंनी सोडलेलं विष उकळून जात नाही.

१० ला शेगडी पेटवा, साडेअकराला उतरवा. पिशव्या आधी भरायच्या नाहीत. झाकलेलं पातेलं टेम्पोत टाका आणि जागेवर वाढा. उतरवल्यापासून २ तासांत पोटात गेली पाहिजे.

६० जणांना तांदूळ ५ किलो, मूगडाळ २ किलो, पाणी १८ लिटर, तेल पाऊण लिटर, मीठ पाव किलोला जरा कमी. माणशी ४०० ग्रॅमच्या आसपास बसते. दोन पातेल्यांत करा, एकाच मोठ्यात बूड करपतं आणि वरचा तांदूळ कचकचीत राहतो. ओलं खोबरं नको, ते सगळ्यात आधी खवट होतं.

राजारामपुरी_पाचवी:
पण भावा, खोल्यांवर शेगडी आहे का ते विचारलंस? असेल तर शिजवून न्यायचंच कशाला? चौघांना ७ दिवसांचा शिधा: कणीक ७ किलो, तांदूळ ३, तूरडाळ दीड, बटाटे ३, कांदे २, तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ अर्धा किलो, चहा, हळद, साबण. तिखट साधं दे. आपली कांदा-लसूण चटणी बिहारच्या पोरांच्या माथी मारू नकोस! आठवड्याला एकच फेरी, म्हणजे लॉकडाऊनमध्ये फिरायच्या पासची कटकटही कमी. सिलिंडर संपलेल्या खोल्या तेवढ्या वेगळ्या लिहून ठेव.

सीपीआरबाहेरच्यांना शिवभोजन थाळीचं (सरकारी स्वस्त जेवणाचं) चालू केंद्र दाखव, सध्या (एप्रिल २०२०) ५ रुपयांत मिळते. शिधा आणि थाळी मिळून तुझी ३० पाकिटं सहज कमी होतील.

उत्तरेश्वरकर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. शेगड्या उद्याच मोजतो. म्हाताऱ्यांचं काय?

पातेलंभर:
त्यांची वेगळी काढ, मीठ निम्मं, वरून लागलं तर घेतील. शुगरची (मधुमेहाची) गोळी घेणाऱ्यांना वेळ ठरवून दे आणि ती पाळ. गोळी घेऊन जेवण लांबलं की चक्कर येऊ शकते. औषधं आणून देणार असाल तर तोंडी नाव ऐकून जाऊ नका. एकाच नावाची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते आणि १००० चीही. चिठ्ठी आणि रिकामी स्ट्रिप, दोन्हींचा फोटो काढून न्या.