‘औषधप्रतिकार’ म्हटलं की आत्या खूश होते

दांडियाबाजार: कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी आम्ही तिघीचौघी मिळून मराठी पत्रक करतोय. बडोद्यात गुजराती पत्रकं ढीगभर मिळतात, पण आमच्या ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांना मराठीच हवं असतं. एका वाक्यावर अडलेय. पेशीच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणात, एक प्रथिन असतं, ते आत शिरलेलं औषध बाहेर टाकतं आणि मग केमो लागू पडेनाशी होते. याला मी ‘औषधप्रतिकार’ लिहिलं. आत्याला कच्ची प्रत वाचायला दिली, तर म्हणाली, “प्रतिकारशक्ती वाढली, बरंच झालं की गं!” आता काय करू? शुक्रवारी छापायला द्यायचंय.

जुना रावपुरा: आत्याचं बरोबर आहे. ‘प्रतिकार’ शब्द रोगाच्या जोडीने इतकी वर्षं नांदलाय की तो आपल्याच बाजूचा वाटतो. शिवाय प्रतिकार कोण करतंय? रुग्ण नव्हे, गाठीतली पेशी. ‘औषधाला दाद देत नाही’ असं सरळ लिही.

माहेर पुणं: ‘दाद’ फारसी आहे. ‘औषधरोध’ हा नेटका शब्द असताना उसनवारी कशाला?

जुना रावपुरा: फारसीत दाद म्हणजे न्याय, म्हणून तर आपण कोर्टात दाद मागतो. आणि ताई, तुमच्या वाक्यातले ‘औषध’, ‘रोध’ आणि ‘शब्द’ तरी कुठले, संस्कृतातून उसनेच आहेत. सयाजीरावांच्या दरबाराने १९३१ साली शासनशब्दकल्पतरू काढला, त्यात मराठी-गुजरातीच्या शेजारी फारसीचाही रकाना आहे. महाराजांना विटाळ झाला नाही.

माहेर पुणं: तो कारभाराच्या शब्दांचा कोश. इथे पेशीबद्दल चाललंय.

लॅबवाला, अलकापुरी: शब्दाआधी काम काय ते बघा, कारण ‘रोध’ म्हणाल तर जुनीच चूक पुन्हा कराल. हे प्रथिन म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. यातला ‘पी’ पंपाचाही नाही आणि प्रोटीनचाही नाही, तो पर्मिएबिलिटीचा, म्हणजे पारगम्यतेचा. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांना ते चिनी हॅमस्टरच्या पेशींत सापडलं. त्यांना वाटलं, हे पटलाची पारगम्यता कमी करतं, औषधाला आतच येऊ देत नाही. म्हणजे रोध! प्रत्यक्षात औषध आत शिरतं आणि हे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून त्याला बाहेर काढतं. गंमत म्हणजे पेशी औषध बाहेर ढकलते असं डानो या संशोधकाने १९७३ मध्येच म्हटलं होतं. तरी नाव भिंतीचं पडलं, ते आजतागायत तसंच आहे.

कारेलीबाग: मग शब्द तयारच आहे: उपसा! उपसा सिंचनातला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा दोन दिवस मोटर लावून उपसत होतो. पाणी येतच होतं, आम्ही काढतच होतो. त्याला पाण्याचा ‘रोध’ म्हणाला असतात तर मी बादलीच फेकून मारली असती.

दांडियाबाजार: उपसा मला आवडला. पण ‘पेशी औषधाचा उपसा करते’ हे आत्याला कळेल का?

लॅबवाला, अलकापुरी: उपसाही तंतोतंत नाही. पाणी घरात साठतं, मग आपण उपसतो. हा पंप पुष्कळदा पटलाच्या स्निग्ध थरातूनच औषधाचा रेणू उचलतो. म्हणजे पाहुणा उंबरठ्यावर असतानाच बखोट धरून बाहेर.

माहेर पुणं: उंबरठ्यावरच अडवलं म्हणजे रोधच झाला ना!

लॅबवाला, अलकापुरी: (हात जोडले.)

मांडवीची सून: आमच्या सासूबाई एका वाक्यात म्हणाल्या, “मेली औषध ओकून टाकते.” ओकणे! कुणालाही कळेल.

दांडियाबाजार: अगं, केमोच्या पत्रकात ओकणं? आधीच उलट्यांनी जीव नकोसा झालेला असतो. वाचणाऱ्याला वाटेल, उलटी झाली की औषध वाया गेलं. घरचे डॉक्टरांकडे धावत सुटतील.

मांडवीची सून: खरंच की. मग पेशी कोडगी झाली, निर्ढावली?

जुना रावपुरा: निर्ढावली झकास आहे! मार खाऊन खाऊन निगरगट्ट झालेलं पोर डोळ्यांपुढे येतं.

लॅबवाला, अलकापुरी: पण निर्ढावलेल्या पोराला मार बसतो, फक्त ते त्याचं काही वाटून घेत नाही. इथे छडी लागतच नाही. आणि हे पोर एका मास्तरला हुकलं की दुसऱ्या मास्तरांनाही हुकतं. त्या हॅमस्टरच्या पेशी कोल्चिसिन या औषधाच्या माऱ्यात वाढवल्या होत्या, पण नंतर त्या भलत्याच घडणीच्या औषधांनाही दाद देईनात. माणसाच्या या प्रथिनाचं जनुक १९८० च्या दशकात हाती लागलं. ते औषधाला बळी पडणाऱ्या पेशींत घातलं तर त्याही एकदम अनेक औषधांना पुरून उरल्या.

जुना रावपुरा: तू आत्ता ‘दाद देईनात’ लिहिलंस. नोंद घ्यावी.

वाडीतले काका: कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतं. आणि केमोतलं विनब्लास्टिन सदाफुलीचं. दोन्ही झाडं आमच्या परसात होती.

लॅबवाला, अलकापुरी: आणि हा पंप त्या दोघांनाही बाहेर काढतो, काका. पण त्याला नुसता खलनायक करू नका. आतडं, यकृत, मूत्रपिंड, मेंदूच्या केशवाहिन्या, सगळीकडे तो पहाऱ्याला असतो. जुलाबावरचं लोपेरामाइड अफूच्या गोतावळ्यातलं, तरी नेहमीच्या मात्रेत गुंगी येत नाही, कारण मेंदूच्या दारातून हाच त्याला परत पाठवतो. रक्तदाबाच्या व्हेरापामिलने या पंपाला प्रयोगशाळेत बूच बसलं, पण रुग्णात तेवढं द्यायचं तर हृदयालाच धोका.

शाळामास्तर, नवापुरा: ‘पेशी’बद्दल बोलू का? गुजराती शाळेत मुलं ‘कोष’ शिकतात. घरी मी पेशी म्हटलं की नातू म्हणतो, कोर्टात का जायचं? हिंदीत कोर्टातली हजेरी म्हणजेही पेशीच, आणि मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. मग ‘कोष’च का नको?

माहेर पुणं: कारण मराठीत कोश म्हणजे डिक्शनरी. शहामृगी श वेगळा असला तरी कानाला काय कळणार?

शाळामास्तर, नवापुरा: ‘शहामृगी श’ कधी ऐकला नाही. आम्ही शहाण्याचा श म्हणायचो.

दांडियाबाजार: मंडळी, शुक्रवार.

वाडीतले काका: सदाफुलीला इथे सगळे बारमासीच म्हणतात. पत्रकात झाडाचं नाव घालणार असशील तर तेच घाल, नाहीतर कुणाला कळणार नाही.

माहेर पुणं: बारमासी नव्हे, बारमाही.

वाडीतले काका: बारमाही विहीर असते. फूल बारमासी.

कारेलीबाग: आणि आमच्या तळमजल्यातलं पाणी?